सगळे संगणक एकदम बंद पडले तर धंदा कसा चालवायचा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापारी, पतसंस्थांचे व्यवस्थापक, औषध विक्रेते आणि लहान कारखानदार यांच्याकडून गेली काही वर्षे येत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नकर्त्यांकडे दोन ते चाळीस संगणक, एखादा सर्व्हर आणि बाहेरून येणारा एक दुरुस्तीवाला असतो, आणि त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘व्यापक बिघाड’ म्हणजे नेमके काय? आमचा सर्व्हर बसला तर तोही यातच येतो का?

येत नाही. आपला एकट्याचा सर्व्हर बसला तर दुरुस्तीवाला तासाभरात येतो, बँक चालू असते आणि अडलेले एखादे काम शेजारच्या दुकानातून उरकता येते. व्यापक बिघाडात हे तिन्ही आधार एकदमच जातात. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले, पण तोवर बंद पडलेले बहुतेक संगणक एकेक करून हाताने सुरू करावे लागले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. विंडोज वापरणाऱ्या एकूण संगणकांपैकी हे एक टक्काही नव्हते, तरीही विमानसेवा, रुग्णालये आणि बँका अडल्या. तयारी करायची ती अशा दिवसाची. त्या दिवशी तुमचा दुरुस्तीवालाही दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानात अडकलेला असतो.

२. २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील असा एवढा गाजावाजा झाला आणि प्रत्यक्षात काहीच झाले नाही. मग पुन्हा तीच भीती कशाला?

काहीच झाले नाही हे खरे नाही, आणि फारसे झाले नाही याचे कारण आधीची काही वर्षे हजारो लोकांनी जुन्या प्रोग्रॅममधील दोन आकडी वर्षे (१९९९ ऐवजी नुसते ९९, ज्यामुळे २००० चे ०० हे १९०० समजले गेले असते) शोधून दुरुस्त केली हे आहे. त्या कामाचा मोठा वाटा भारतातील संगणक कंपन्यांनी उचलला, आणि मुंबई-पुण्यातील अनेक मराठी घरांतील पहिली परदेशवारी त्याच कामासाठी झाली. जे सुटले ते दिसलेच. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावर १ जानेवारीला वर्ष १९१०० असे झळकले, तर इंग्लंडमध्ये शेफील्डच्या रुग्णालयात वयाचा हिशेब चुकल्याने दीडशेहून अधिक गर्भवतींना तपासणीचे चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. पहिली चूक हसण्यावारी गेली. दुसरी अनेक महिने कोणाच्या लक्षातच आली नाही, आणि व्यवसायाच्या दृष्टीने तीच अधिक शिकवणारी आहे, कारण बंद पडलेला संगणक लगेच दिसतो आणि चुकीचे गणित करत चालू राहिलेला दिसत नाही.

३. आमचे दुकान लहान आहे, तीनच संगणक आहेत. आम्हाला या सगळ्याची खरोखर गरज आहे का?

मोठ्या कंपनीसारखे दुसऱ्या शहरात राखीव केंद्र उभारण्याची गरज तुम्हाला नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आपल्या धंद्यातील अशी कोणती माहिती आहे, जी केवळ संगणकालाच ठाऊक आहे? सिमेंट-लोखंडाच्या दुकानात उधारीवर माल नेणारी दीड-दोनशे गिऱ्हाइके असतात. पूर्वी उधारीची वही गल्ल्याजवळ असे आणि मालकाला बाकी तोंडपाठ असे. आता ती बाकी सॉफ्टवेअरमध्ये आहे, मालकाला अंदाजच आहे, आणि नोकराला तोही नाही. सिस्टीम तीन दिवस बंद राहिली तर माल विकता येईल, पण कोणाकडून किती घ्यायचे हे सांगता येणार नाही. ज्या दुकानाची स्थिती अशी आहे, त्याला गरज आहे.

४. सुरुवात कुठून करावी? सल्लागार लोक मोठमोठे तक्ते देतात, ते भरून होत नाहीत.

तक्ता बाजूला ठेवावा. एखाद्या नेहमीच्या कामाच्या दिवशी वही घेऊन गल्ल्यामागे बसावे आणि कोणीही पडद्याकडे पाहिले की कशासाठी पाहिले एवढेच लिहावे. संध्याकाळपर्यंत चार-पाच पाने भरतात आणि त्यांत मालकाच्या ध्यानीमनी नसलेल्या गोष्टी निघतात : वजनकाट्याची पावती संगणकातून येते, गोदामाचे दार हजेरीच्या यंत्राला जोडलेले आहे, कुरिअरचे लेबल छापल्याशिवाय पार्सल हलत नाही, आणि ट्रकवाल्यांचे नंबर फक्त एका मुलाच्या मोबाइलमध्ये आहेत.

त्यानंतर प्रत्येक कामापुढे ते किती वेळ थांबू शकते हे लिहावे. पहिल्या फेरीत सगळेच म्हणतात की एक मिनिटही थांबून चालणार नाही. खोदून विचारले की पगारपत्रक आठवडाभर थांबू शकते, साठ्याचा अहवाल दोन दिवस, बिल तासभर, आणि खरोखर न थांबणारी कामे दोन-तीनच उरतात. तयारीचा पैसा आणि वेळ त्या दोन-तीन कामांवरच घालावा.

५. आमचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. एवढे पुरेसे नाही का?

बॅकअप होतो हे तुम्हाला कसे कळते, ते आधी सांगा. ‘सक्सेसफुल असा मेसेज येतो’ हे उत्तर मी मोजता येणार नाही इतक्या वेळा ऐकले आहे.

तालुक्याच्या गावातील एका घाऊक औषध विक्रेत्यांकडे रोज रात्री साडेनऊला बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप होत असे. एका रविवारी आम्ही ती डिस्क घरच्या लॅपटॉपला जोडली आणि त्यावरून धंदा उभा करून पाहायचे ठरवले. पहिला तास पासवर्डमध्ये गेला, कारण तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाने बदलला होता. अखेर फाइल उघडली तेव्हा शेवटची नोंद ३१ मार्चची निघाली. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची ‘कंपनी’, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नवी वही, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडली गेली होती आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा होत होता. सात महिने रोज रात्री यशस्वीपणे जुनाच डेटा उतरत होता. शेठ काही बोलले नाहीत, पण त्यांनी चहा परत पाठवला.

दुसरा गैरसमज असा की दोन सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवतात म्हणजे बॅकअप झाला. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे थांबले. त्यांचे मुख्य नियंत्रक सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे ते एकसाथ पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, आणि तोही त्या वेळी तेथे वीज गेलेली होती म्हणून. कंपनीला सुमारे दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नक्कल चूकही तितक्याच इमानाने उतरवते.

म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, त्यांतील एक जागेबाहेर असावी, आणि किमान एक तार काढून कपाटात ठेवलेली असावी. सर्व्हरच्या पाठीला दुहेरी टेपने चिकटवलेली डिस्क ही त्या सर्व्हरचाच भाग समजावी. कायदाही याबाबत मोघम नाही. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो.

६. आमचे सगळे क्लाउडवर आहे. मग ही काळजी क्लाउडवाल्यांची नाही का?

डिस्क जळण्याची काळजी त्यांची आहे, तुमच्या गल्ल्याची नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते. कारण त्यांच्या स्वतःच्या देखभालीत झालेली चूक हे होते, कोणाचा हल्ला नव्हे. आपल्याकडे ती रात्र होती म्हणून निभावले. हेच सकाळी अकराला झाले असते तर व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणाऱ्या किती दुकानांकडे गिऱ्हाइकांचे नंबर दुसरीकडे लिहिलेले होते?

क्लाउडवाल्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : माझा डेटा मला उघडता येईल अशा स्वरूपात रोज उतरवून घेता येतो का, तुमची सेवा बंद असताना मी कोणाला फोन करायचा, आणि मी पैसे भरणे थांबवले तर डेटा किती दिवस मिळत राहील. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर उरलेली दोन विचारण्यात अर्थ नाही.

७. ‘कागदावर काम करा’ असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात म्हणजे काय करायचे?

एक पत्र्याची पेटी घ्यावी आणि ती गल्ल्याखाली ठेवावी. तिच्यात कार्बनसह छापील बिलबुके, चालू दरपत्रक, उधारीची यादी, महत्त्वाचे फोन नंबर, दुकानाचा शिक्का, साधा कॅल्क्युलेटर, चार पेने आणि टॉर्च असावी. दरपत्रक आणि उधारीची यादी दर शनिवारी नवी छापून जुनी फाडावी. पेटीत गेल्या दिवाळीचे दर निघाले तर ती नसलेली बरी.

बिलबुकाची क्रममालिका संगणकाच्या मालिकेपेक्षा वेगळी ठेवावी. जीएसटी नियम ४६ नुसार बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त सोळा चिन्हांचा असावा लागतो, पण मालिका एकापेक्षा अधिक ठेवण्यास परवानगी आहे. म्हणून हाती बिलांसाठी वेगळ्या अक्षराने सुरू होणारी मालिका आधीच ठरवून हिशेबनिसाला कळवावी. प्रत्येक बिलावर तारखेबरोबर वेळ आणि लिहिणाऱ्याची सही असावी. तिचा उपयोग प्रश्न १३ मध्ये कळेल.

अडचण कागदाची नसून हातांची असते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी हाताने बिल कधीच केलेले नसते. करासह ११८० रुपये किंमत आणि १८ टक्के कर असे सांगून त्यातील कर काढायला लावले तर बहुतेक जण ११८० चे १८ टक्के म्हणून २१२ रुपये ४० पैसे लिहितात. बरोबर उत्तर १८० रुपये आहे, कारण ११८० ला ११८ ने भागून १८ ने गुणायचे असते. हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे.

८. आम्हाला ई-इनव्हॉइस लागू आहे. मग हाताने केलेले बिल चालेल का?

वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपेक्षा जास्त असलेल्या व्यवसायाने दुसऱ्या जीएसटी-नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेले बिल ई-इनव्हॉइस म्हणून अधिकृत पोर्टलवर नोंदवल्याशिवाय वैध धरले जात नाही, त्यामुळे अशा विक्रीला प्रश्न ७ मधील बिलबुक लागू पडत नाही. नोंदणी नसलेल्या किरकोळ गिऱ्हाइकासाठी मात्र ते चालते. व्यापाऱ्याचा माल अगदीच थांबवता येत नसेल तर जीएसटी नियम ५५ मध्ये सोय आहे : माल हलवताना कर-बिल देणे शक्य नसेल तर डिलिव्हरी चलनावर माल पाठवता येतो आणि बिल नंतर द्यावे लागते. ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीची अट मात्र त्याने सुटत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही अट मालाची किंमत १ लाख रुपयांच्या वर असेल तर आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर लागू होते.

ई-इनव्हॉइस नोंदवणारी अधिकृत पोर्टल एकापेक्षा अधिक आहेत. दुसऱ्या पोर्टलवर आजच खाते उघडून एखादे खरे बिल तेथून काढून पाहावे, कारण बिघाडाच्या दिवशी खाते उघडायला गेलेल्यांची रांग लागलेली असते. चलनाची पद्धत तुमच्या मालाला कशी लागू पडते हे आपल्या सीएंकडून आधीच लिहून घ्यावे.

९. यूपीआय बंद पडले तर? आता सुटे पैसे कोणाकडेच नसतात.

बंद काय पडले यावर उत्तर अवलंबून आहे. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाल्यावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने तिला तात्पुरते तोडले आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे किरकोळ व्यवहार एका दिवसासाठी अडले. अशा वेळी दुसऱ्या बँकेच्या खात्याचा क्यूआर दुकानात असेल तर काम चालते. परंतु २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभरचे यूपीआयच रखडले, तेव्हा दहा क्यूआर लावूनही उपयोग नव्हता. त्या दिवसासाठी कार्ड यंत्र, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी उधारीची मर्यादा, आणि गल्ल्यात दहा-वीसच्या नोटांचे एक न फोडलेले बंडल एवढे हवे.

पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले पण साउंडबॉक्स बोलला नाही, या वादात आवाज चढवू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेला असा अडकलेला यूपीआय व्यवहार बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप उलटवायचा असतो आणि त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. व्यवहार क्रमांक बिलाच्या मागे लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

१०. आम्ही दोन कंपन्यांचे इंटरनेट घेतले आहे. आता तरी निर्धास्त राहावे ना?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्यांच्याकडेही दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या आणि दोन्हींत बिघाड झाला. आपल्याकडे तर दोन्ही कंपन्यांच्या तारा बहुधा एकाच विजेच्या खांबावरून येतात आणि महापालिकेचा एकच जेसीबी दोन्ही तोडतो. दुसरी जोडणी मोबाइलच्या सिमवरची असावी. ती महिन्यातून एकदा पहिली जोडणी काढून वापरून पाहावी, नाहीतर रिचार्ज संपल्याचे त्याच दिवशी कळते.

विजेचे गणित वेगळे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली तेव्हा लोकल जागीच थांबल्या. यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता असतो, दुकान चालवण्यासाठी नसतो, आणि राउटर यूपीएसवर घ्यायला लोक हमखास विसरतात.

११. एका अपडेटने जग बंद पडले म्हणता. मग अपडेट बंदच ठेवलेले बरे नाही का?

नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते, ज्यांनी लावले नाही ते अडकले. अपडेट लावावे, पण सगळीकडे एका दिवशी लावू नये. निम्म्या संगणकांवर आधी आणि चार दिवसांनी उरलेल्यांवर, एवढी शिस्त पुरेशी आहे. अँटिव्हायरसची रोजची अपडेट मात्र अशी रोखता येत नाहीत, म्हणून एक जुना लॅपटॉप वेगळ्या अँटिव्हायरसवर ठेवावा.

नव्या लॅपटॉपांची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि बिघाडानंतर ती ४८ आकडी किल्ली मागते. जुलै २०२४ मध्ये अनेक ठिकाणी काम लांबले ते यामुळेच, कारण किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या सर्व्हरवरच होती. ती यादी कागदावर असावी. कागद कुठे ठेवायचा ते प्रश्न १८ मध्ये आहे.

१२. साधा बिघाड आहे की हल्ला, हे कसे ओळखावे?

पहिल्या अर्ध्या तासात ओळखण्याचा प्रयत्न करू नये. फायलींची नावे बदललेली दिसली किंवा पैशांची मागणी करणारा मजकूर आला तर नेटवर्कच्या तारा काढाव्यात, वाय-फाय बंद करावे आणि बॅकअपची डिस्क चुकूनही जोडू नये. पडद्याचा फोटो मोबाइलवर काढावा. हल्ला असल्यास सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी तो लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचा असतो, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. साध्या बिघाडाला ही सहा तासांची अट नाही.

१३. संगणक परत सुरू झाल्यावर कागदावरची कामे आत कशी भरायची?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते नुकसान बंदच्या काळात होते त्याहून जास्त येथे होते. सिस्टीम आली की सगळे नव्या गिऱ्हाइकाकडे वळतात, हाती बिले टोपलीत पडतात, आणि आठवड्याने साठा जुळत नाही.

आधी बंद पडण्यापूर्वीचे शेवटचे संगणकीय बिल शोधावे, त्यावर खूण करावी आणि तेथून पुढे हाती बिले वेळेच्या क्रमाने लावावीत. आवक आधी आणि जावक नंतर भरली तर साठा उणे दाखवत नाही. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने भरावे, आणि भरलेल्या बिलावर लगेच शिक्का मारावा. बिलबुकातील शेवटचा क्रमांक आणि भरलेल्या नोंदींची संख्या जुळल्याशिवाय दिवसअखेर करू नये. रद्द झालेले बिलही फाडून न टाकता रद्द म्हणून मोजावे.

कंपन्यांच्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद बंद करता येत नाही, त्यामुळे मागच्या तारखेची नोंद प्रत्यक्षात कधी भरली हे लेखापरीक्षकाला दिसते. यात घाबरण्यासारखे काही नाही. कागदी प्रत, तिच्यावरील वेळ आणि बंदच्या कालावधीचे एक पानी टिपण फाइलला असले की खुलासा होतो.

१४. सराव किती वेळा करावा? कामाच्या गर्दीत वेळ मिळत नाही.

वर्षातून दोनदा, एकदा मार्चअखेरीची धांदल संपल्यावर आणि एकदा दिवाळीच्या महिनाभर आधी. मंगळवारी दुपारी दोन तास मुख्य स्विच बंद करून दुकान चालवावे. पहिल्या वेळी कार्बन उलटा लावला जातो, हे जवळपास ठरलेलेच आहे.

१५. आमची पतसंस्था आहे. लोकांच्या ठेवी आहेत, आम्हाला हे सगळे तसेच लागू पडते का?

बहुतांश पडते, पण एका बाबतीत नाही. दुकानदार अंदाजाने उधार देऊ शकतो, पतसंस्था अंदाजाने पैसे देऊ शकत नाही. म्हणून रोज दिवसअखेरीनंतर सर्व खात्यांच्या बाकीची यादी नेटवर्कला न जोडलेल्या लॅपटॉपवर उतरवावी, आणि बंदच्या काळात एका खातेदाराला दिवसाला किती रक्कम द्यायची याचा ठराव संचालक मंडळाने आधीच करून ठेवावा. रक्कम दिली की पासबुकावर हाताने नोंद आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. पिग्मी एजंटांकडे छापील पावती पुस्तके असावीत. दारावर ‘सर्व्हर डाउन’ एवढीच पाटी लावू नये. गावात तिचा अर्थ वेगळा घेतला जातो आणि तासाभरात रांग लागते. काय चालू आहे आणि किती रक्कम मिळेल ते लिहावे.

दवाखान्यांनी नोव्हेंबर २०२२ मधील दिल्लीच्या एम्सचे उदाहरण पाहावे, जेथे हल्ल्यानंतर सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे हाताने चालली. औषध दुकानांनी शेड्यूल एच-१ ची, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांची नोंदवही अशा दिवशी हाताने लिहावी.

१६. पूर आला तर? भिजलेल्या संगणकातून डेटा मिळतो का?

पुष्कळदा मिळतो, मात्र तो वाळवून चालू करून पाहिला नसेल तर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत गाळाने भरलेले संगणक रस्त्यावर आले होते. अशी डिस्क बाहेर काढून, न जोडता, डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी. उन्हात ठेवणे किंवा हेअर ड्रायर लावणे यामुळे गाळ आतच सुकतो. जागेबाहेरची प्रत ठेवताना ती त्याच नदीकाठच्या घरी नाही एवढे पाहावे. पावसाळ्यापुरता तरी सर्व्हर माळ्यावर न्यावा.

१७. संगणक बंद होते म्हणून माल वेळेत गेला नाही. दंड भरावा लागेल का?

करारात काय लिहिले आहे ते पाहावे लागेल. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ५६ अशक्य झालेल्या कामाला लागू होते. काम केवळ अवघड किंवा महाग झाले तर त्याचा आधार सहसा मिळत नाही. हाताने चलन करून माल पाठवता आला असता, असे समोरचा वकील म्हणणारच. म्हणून नव्या करारातील अपरिहार्य आपत्तीच्या कलमात दूरसंचार, वीज आणि शासकीय पोर्टल यांचा बिघाड नाव घेऊन लिहावा, आणि बिघाड झाला त्याच दिवशी समोरच्याला लेखी कळवावे.

१८. पासवर्ड आणि किल्ल्या फक्त मालकांकडे आणि संगणकवाल्याकडे आहेत. दोघेही नसतील तर?

सगळे पासवर्ड, प्रश्न ११ मधील किल्ल्या, सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे क्रमांक आणि बॅकअप उघडण्याची पद्धत एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, त्यावर आडव्या सह्या करून ते बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासातील सीएंकडे ठेवावे. पाकीट कोणी उघडायचे ही दोन नावे ठरवावीत आणि उघडले की सगळे पासवर्ड बदलावेत.

येथे एक गोष्ट सुटते. पासवर्ड मिळाला तरी ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो. आषाढी वारीत चालणाऱ्या एका मालकांचा फोन दोन दिवस लागत नव्हता आणि पाकीट उघडूनही कोणाला आत शिरता आले नाही. फोन बंद नव्हता, गर्दीत नेटवर्कच मिळत नव्हते. जेथे शक्य आहे तेथे ओटीपीसाठी दुसरा नंबर नोंदवावा, आणि जेथे छापून ठेवता येतील असे राखीव कोड मिळतात तेथे ते छापून त्याच पाकिटात ठेवावेत. बँकेच्या बाबतीत हे चालत नाही. तेथे दुसऱ्या भागीदाराला किंवा घरातील जबाबदार व्यक्तीला रीतसर अधिकारपत्र देऊन स्वतंत्र लॉगिन घ्यावे लागते, आणि त्या कागदपत्रांना आठ-दहा दिवस जातात.